गुळव्याची साक्ष

२०२३ साल. मला शहात्तर पुरी झाली होती आणि रविवारी गावच्या बैठकीत माझी साक्ष होती.

साक्ष जुन्या गाडीवाटेची. वरच्या रानात एक बाई एकटी ऊस पिकवते; नवरा इचलकरंजीत मागावर कामाला. तिचा ऊस बाहेर काढायची वाट शेजाऱ्यानं नांगरून टाकलेली. ती म्हणते, वाट विहिरीच्या अलीकडनं होती. शेजारी म्हणतो, पलीकडनं. आणि पलीकडं तर ओढ्यानं रान खाल्लंय, सायकल जायची नाही. कागदावर काही नाही. म्हणून गावानं ठरवलं, मी सांगेन ते खरं. मी चौथीत शाळा सोडली, पण चाळीस वर्षं गुऱ्हाळात गूळ शिजवणारा गुळव्या होतो, आणि कुणाची म्हैस कधी व्याली हेसुद्धा लोक मला विचारतात. मला लख्ख दिसत होतं : गुऱ्हाळाकडं उसाच्या गाड्या पलीकडनं येत होत्या. बाईची वाट जाणार याचं वाईट वाटत होतं, पण खरं ते खरं.

आदल्या दिवशी, शनिवारी, नात कोल्हापुरातनं आली. ती विद्यापीठात बोधात्मक मानसशास्त्र शिकते. म्हणजे माणसाला आठवतं कसं, कळतं कसं, ते. सतरा वर्षं शिकून तिला माणूस विसरतो एवढं कळलं होतं. तिची आजी मला ते रोज फुकट सांगते.

"आबा, माझ्या प्रयोगाला म्हातारी माणसं कमी पडत्यात. बसा की."

म्हटलं, साक्षीआधी सराव होईल. तिनं एका फॉर्मवर सही घेतली. त्यात लिहिलेलं, कधीही माघार घेता येईल.

"माघार? हे खोड आधी," मी म्हणालो.

"आबा, ते छापील असतंय."

आख्खं गाव मला मानानं हाक मारतं. तिच्या कागदावर मी झालो सहभागी क्रमांक चौदा.

तिनं बारा शब्द वाचले. ऊस, चरक, रस, काईल, चुलवाण, पाक, काकवी, ढेप, असले सगळे आमच्या गुऱ्हाळातले. मग शंभरापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. मी मोजलं. मग म्हणाली, आता शब्द सांगा. मी धडाधड बारा सांगितले, गूळ धरून. अकरा बरोबर आले. तिनं मान हलवली.

"गूळ नव्हता, आबा."

"व्हता. पाकानंतर म्हणालीस तू."

तिनं कागद दाखवला. मी म्हणालो, मागनं बदललास. तिनं मोबाइलवर आवाज भरून ठेवला होता, तो लावला. तीनदा ऐकला. गूळ नव्हता.

"तुझा फोन बिघडलाय."

स्वयंपाकघरातनं बायको ओरडली, "फोन न्हाय बिघडला! मी बी ऐकलं की. तुमास्नी पायजे तेवढंच ऐकू येतंय, पन्नास वर्सं झाली!"

मी नातीला विचारलं, "म्हणजे मी खोटारडा?"

"न्हाय वो. खोटारड्याला म्हाईत असतंय आपण खोटं बोलतोय. तुम्हाला खरंच ऐकू आलंय. सगळे शब्द गुळाजवळचे, मग मन मोकळी जागा भरून टाकतंय. ह्यासाठीच तर यादी तशी केलीया. तेरा जणांतल्या नऊ जणांनी गूळच सांगितला."

"त्या नऊ जणांस्नी माझ्यात धरू नगंस."

"आणि आबा, सगळ्यांस्नी अगदी खात्री होती."

जेवायला बसलो. विहीर डोळ्यांपुढं आली. पलीकडनं गाडी येतेय, बैल घामेजलेत, चाकाला चिखल. सगळं दिसतंय. पण मी कुठं उभा आहे? हंगामात मी काईल, रस आटवायची ती मोठी कढई, सोडून कुठं जात नव्हतो. पाक हाताला कधी येतो ते फक्त मला कळायचं. घटकाभर उठलो तर आख्खी काईल करपली असती. गुऱ्हाळाला वरच्या बाजूला भिंत. तिथनं विहीर दिसत नाही. गाडी मला दिसायची ती दारात, ऊस उतरताना.

मग ही विहिरीजवळची गाडी माझ्या डोक्यात आली कुठनं? मोकळी जागा होती, ती मी माझ्याच हातानं भरली होती, आणि वरनं पंचवीस वर्षं लोकांना सांगत होतो.

नातीला यातलं काही बोललो नाही. उगाच ती प्रयोगासकट माझ्या डोक्यावर चढली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या आवारात गेलो. पंच बसलेले, बाईचा शेजारी पुढच्या खुर्चीत, बाई मागं भिंतीला टेकून उभी. सरपंच म्हणाले, "आबा, सांगा."

"मला आठवतंय, पण म्या बघितलं न्हाय," मी म्हणालो. "म्या काईलीपाशी व्हतो. त्या वाटंनं मोळ्या डोक्यावर घिऊन ही गुऱ्हाळात यायची, नवी नवरी व्हती तवा. हिला कुणी इचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. शेजारी माझ्याकडं बघतच राहिला. मी माझी खुर्ची बाईला दिली आणि पायरीवर बसलो. ती बोलायला लागली. मध्ये दोनदा माझं तोंड उघडलं. दोनदा मिटलं.