पहिल्या पानावरची आत्या

तुमची भाची काय काम करते, असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "ती लोकांना वर ढकलते." ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघायचा. मग मी घाईघाईने खुलासा करायचे, की माणसांना नाही, त्यांच्या वेबसाइटना. कुणी इंटरनेटवर काही शोधलं की आमच्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यांत वर दिसावं, अशी त्या पानाची डागडुजी करते. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा रस संपलेला असायचा. आणि खरं सांगायचं तर एखादं पान वर का गेलं, हे अर्ध्या वेळा मलाही कळत नाही. आमचे साहेब छातीठोकपणे कारणं सांगतात, पण तीही पान वर गेल्यानंतरच.

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. तरुणपणी तिचं स्वतःचं मशीन बिघडलं होतं, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं ते." आत्याच्या नाकावर माशीही बसलेली चालत नाही. तिने त्याच आठवड्यात मशीन उघडलं, ते बंद करता येईना म्हणून महिनाभर रडली, आणि पुढे त्याच्याच गल्लीत दुकान टाकलं. दुकान अरुंद, एकच खिडकी, खिडकीखाली तेल मुरून काळं झालेलं टेबल. गिऱ्हाइकांची नावं तिच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ती त्यांना मशीनच्या तक्रारीवरून ओळखायची. "सुईतोडी येऊन गेली का गं?" "त्या पट्टाढिल्याला सांग, उद्या ये." मला ती लहानपणापासून गुंता म्हणते. त्याचा मशीनशी काही संबंध नाही.

गेल्या वर्षी दुकानातलं गिऱ्हाईक आटत गेलं. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, दुसऱ्या शहरात असतो. आईची काळजी करणं हा त्याचा जोडधंदाच आहे. त्याने फोनवर सांगून टाकलं, "वर्षअखेरपर्यंत दुकानाने जीव धरला तर ठीक. नाहीतर शटर ओढायचं आणि आमच्याकडे यायचं." आत्या रागाच्या भरात "चालेल" म्हणून बसली. फोन ठेवल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

"तिकडे जाऊन मी करू काय?" ती मला म्हणाली. "सोफ्यावर बसून राहू? सुनेने जेवायला हाक मारली की उठू, नाहीतर टीव्ही बघू? मला नाही जायचं गं."

आत्याला असं विनवताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझं पान मी वर आणते."

पान होतं. दादाने केव्हातरी करून दिलेलं. उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मशीनला तेल घालून झालं असतं. फोटो अगडबंब, आणि मजकूर असा: "आमच्या येथे सर्व प्रकारच्या शिवणयंत्रांची खात्रीशीर व समाधानकारक दुरुस्ती केली जाते." मी फोटो हलके केले, नकाशा लावला, मथळा बदलला. मग लोक खरोखर काय टाइप करून शोधतात, ते आत्याला वाचून दाखवलं. शिवणयंत्र असं कुणीच शोधत नव्हतं. लोक विचारत होते, मशीन खालून गुंता का करतं, सुई सारखी का तुटते, मशीन मध्येच अडकतं काय करू, मशीन खडखडतं.

आत्याने चष्मा काढला. "हे सगळे कुणाला विचारतायत?"

"कुणाला असं नाही. शोधतायत."

"आणि उत्तर कोण देतं?"

"ज्याचं पान वर असेल तो."

"बघू, काय देतो तो?" मी त्या वेळी वर असलेलं पान उघडलं. खालून गुंता होतो म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळात, बॉबिनमध्ये, बिघाड आहे, असं त्यात ठोकून दिलेलं होतं. आत्या भडकलीच. "अरे, खालच्या बिचाऱ्याचा काय दोष? गुंता खाली दिसतो, चूक वर असते! कापडावरचा दाब खाली ठेवून वरचा दोरा ओवला की तो पकडीत बसतच नाही. हे लिहून घे. आत्ता."

मी लिहून घेतलं. मग सुई तुटण्याचं घेतलं, खडखडण्याचं घेतलं. ती हातातलं काम न थांबवता सांगायची आणि मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून टाइप करायचे. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला आवरायचा नाही. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी, सही करावी तसं, ती एक वाक्य घालायची: "एवढ्यावर होतं. दुकानात यायची गरज नाही."

"आत्या, हे वाक्य नको."

"का? खोटं आहे?"

खोटं नव्हतं. मी ऑफिसात साहेबांना ते पान दाखवलं, या वाक्यावर ते हसतील म्हणून. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हेच वाक्य ठेवा. असं कुणी लिहीत नाही." आता साहेबच असं म्हटल्यावर मी कोण? ठेवलं.

पान हलायला लागलं. आत्याला मात्र त्याचं कौतुक नव्हतं, कारण तिच्या मते ती पहिल्या दिवसापासूनच पहिली होती. रोज सकाळी शटर उघडलं की ती स्वतःच्या फोनवर स्वतःलाच शोधायची आणि तिचं पान सगळ्यांत वर यायचं. मी समजावलं, की तू रोज तेच उघडतेस हे फोनला माहीत झालंय, म्हणून तो तुला तुझंच दाखवतो, इतरांना नाही. ती म्हणाली, "म्हणजे फोनही तोंडदेखलं बोलतो?" नंतर पान इतरांच्या फोनवरही वर आलं. आधी कुठल्या कुठे होतं, मग शोधयादीच्या दुसऱ्या पानावर, आणि एक दिवस मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर "मशीन खालून गुंता" असं टाकलं तर पहिली आत्याच. मी खुर्चीतच उडी मारली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची किती पानं वर चढवली, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

दुकानात मात्र चिटपाखरू फिरकेना.

पान किती जण उघडतात त्याचा आलेख मी बघायचे, तो वर वर जात होता. दुकानात जायचे, स्टूल रिकामं. पत्ता तपासला, बरोबर. नकाशा तपासला, त्याने मला अगदी दारात आणून सोडलं. फोन नंबर तपासायला मी दुकानातूनच नंबर लावला, आणि तो व्यस्त लागला. आत्या समोरच बसून फोनवर बोलत होती.

"हो हो, दोरा काढायचा, दाब वर करायचा... आता ओवा परत... बघा! मी काय म्हटलं?" तिने फोन ठेवला. चेहरा नुसता फुलला होता. "कुठल्या कुठे राहते बाई. आपलं वाचून मशीन तिने स्वतः नीट केलं, एवढंच सांगायला फोन केला होता. सकाळपासून हा कितवा फोन असेल कोण जाणे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तसा मी कपाळाला हात लावला. "आत्या, अगं, येणारं गिऱ्हाईक आपण घरच्या घरीच बरं करून टाकलं!"

मी माझं काम चोख केलं होतं, तिने तिचं चोख केलं होतं, आणि दोघींनी मिळून दुकानावर पाणी फिरवलं होतं. यात चुकलं काय, हे आम्हाला काही केल्या सापडेना.

मी उपाय सुचवला. उत्तरं अर्धी करायची. बिघाड का होतो ते सांगायचं, पुढचं "दुकानात या, करून देऊ." सगळेच असं करतात. आत्या बराच वेळ स्क्रूच्या डब्यात बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "कर." तिला जायचं नव्हतं ना.

मी केलं. त्या आठवड्यात दोन मशीनं दुकानात आली. आत्या त्यांच्याकडे पाहुणे आल्यासारखी बघत होती. आणि मग तो फोन आला. मी तिथेच होते, पलीकडच्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्याच्या आईचं मशीन होतं. आई आजारी, अंथरुणावरून उठता येत नव्हतं, पण मशीन बंद पडल्याचा घोर लावून घेतला होता. म्हणून त्याने आत्याचं वाचून ते उघडलं. अर्धं काम करून झोपला. आठवड्याने वेळ मिळाला तेव्हा पुढचं वाचायला गेला, तर पुढचं गायब. "स्क्रू टेबलावर पडलेत हो," तो म्हणाला. "तुमच्या दुकानापर्यंत यायचं म्हणजे मला दिवसभराचा प्रवास. आईला काय सांगू?"

आत्याने त्याला शेवटच्या स्क्रूपर्यंत फोनवरून नेलं. मशीन चालल्याचा आवाज आला, तसे तिचे डोळे भरून आले. फोन ठेवला आणि ती माझ्यावर ओरडली, "परत लाव! सगळं परत लाव, गुंते!"

"अगं, मग दुकान?"

"मला नाही माहीत. मला काही कळत नाही. तू आधी परत लाव."

मी परत लावलं. शेवटच्या त्या वाक्यासकट. आपण काय करतोय हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

वर्ष संपता संपता दादा आला. रिकामं दुकान बघून त्याने भांडण उकरलं नाही, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं. तो आईला समजावू लागला की तिकडे हवा चांगली आहे, खोली स्वतंत्र आहे, सून वाट बघते आहे. मध्येच फोन वाजला. आत्याने त्याला हाताने थांबवलं आणि फोन घेतला. "फोन मशीनजवळ धरा बघू," असं म्हणून ती डोळे मिटून ऐकत राहिली. दादाही ऐकत राहिला. फोन संपल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "मला नीट सांगता येणार नाही. पण ही पहिल्या पानावर आहे." हे ऐकून तो जास्तच बुचकळ्यात पडला.

आत्याने शब्द पाळला. शटर दादाने ओढलं. ती रडली, आणि मीही रडले. लोकांना वर ढकलण्यात मुरलेली मी, माझ्याच आत्याचं दुकान मला धरून ठेवता आलं नाही.

काही दिवसांनी मी दादाच्या घरी गेले. पानावरचा पत्ता बदलायचा राहिला होता. मनातून घाबरले होते, की आत्या सोफ्यावर बसलेली दिसणार. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि वहिनीला खुणेने सांगत होती की तू जेवून घे, मला वेळ लागेल.

तिचं संपल्यावर मी पान उघडलं. जुन्या दुकानाचा पत्ता आणि नकाशा पुसून टाकला. ती जागा पांढरी झाली. दादाचा पत्ता घालावा, तर लोक इथे येणार कशाला? आणि काहीच नाही घातलं, तर पान घसरायची भीती. मी तिलाच विचारलं, "आत्या, पत्त्याच्या जागी काय लिहू?"

"आपला पत्ता कशाला हवाय त्यांना?" ती म्हणाली. "मशीन तर त्यांच्या घरी असतं."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, आणि तिने तो उचलला.