चौथा कोपरा

फ्रेमचा कोपरा जोडून झाला की मावशी आधी त्याच्याकडे बघायचीच नाही. डोक्यावरचा पदर मागे सारायची, कानामागून एक केस ओढून तोडायची, दोन बोटांत ताणून तो सांध्यावर टेकवायची आणि मला विचारायची, "केस जाते काय?"

केस आत गेला की फ्रेम उघडायची. तुम्हाआम्हाला त्या सांध्यात काही दिसलं नसतं. लांबून तर नाहीच, जवळूनही नाही. पण केस गेला म्हणजे गेला. मग सरस गरम पाण्यानं सोडवायचा, खिळे पकडीनं काढायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. शेजारचे कापडवाले शेठ ओट्यावरून हे रोज बघायचे. एकदा म्हणाले, "मावशी, अशानं एक दिवस टकली होशीन."

"मंग तुमचे उपटीन, शेठ. तुमाले कायले लागतेत?"

शेठनी टोपी नीट केली आणि आत गेले.

दुकान शिरपूरला, जैन मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाहेरगावचे यात्रेकरू मंदिराचे फोटो घेऊन यायचे, आसपासच्या खेड्यांतून लग्नाचे, म्हाताऱ्यांचे फोटो यायचे. देवाचा असो की जावयाचा, मावशीचा केस सगळ्यांना सारखाच लागायचा. मला वाटायचं, देवाच्या फ्रेमला ती जरा जास्त जपेल. नाही. उलट एकदा एका जावयाच्या फ्रेमचा कोपरा तिनं पाच वेळा उघडला. का, ते मला कळलं नाही. तिच्या बऱ्याच गोष्टी मला कळायच्याच नाहीत.

मी तिथं कसा पोचलो, हेही नीट सांगता येत नाही. मी राजापूरकडचा. सहावीत शाळा सोडली, मग मिळेल ते काम करत राहिलो. चौऱ्याहत्तर साली, बावीस वर्षांचा असताना, एका मुकादमाबरोबर डांबरी रस्त्याच्या कामावर इकडं आलो. शिरपूरला तापानं पडलो. टोळी पुढं निघून गेली आणि मी धर्मशाळेच्या ओसरीवर राहिलो. मावशी तिथल्या खिडकीला काच बसवायला आली होती. पन्नाशी उलटलेली उंच बाई, हातात काच कापायची हिरकणी. माझ्याकडे बघून म्हणाली, "उठता येते काय? मंग काच धर."

मी उठून काच धरली. ती खिडकीत बसल्यावर उरलेली काच दुकानापर्यंत न्यायची होती, ती नेली. तिथं तिनं भाकर आणि वरण वाढलं. पुढं काय ठरलं, कोणी ठरवलं, मला आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रेमच्या पट्ट्या कापत होतो.

ती मला "पाव्हण्या" म्हणायची. पाव्हण्या, सरस ठेव. पाव्हण्या, पुठ्ठा आन. तिला त्यात काही वाटत नसेल, मला मात्र ते रोज टोचायचं. पाहुणा म्हणजे आज ना उद्या जाणारा माणूस. गावी जाऊन काय सांगायचं? पोस्टकार्डावर तर मी आईला लिहून बसलो होतो की हाताला कसब येतंय. म्हणून मी रोज सकाळी वळकटी गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधून ठेवायचो. म्हणजे जा म्हणाली तर फार वेळ लागू नये. ती वळकटीकडे बघायची आणि कामाला लागायची.

कसब काही येत नव्हतं. फ्रेमच्या चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं तिरपी कापायची, म्हणजे आठ काप. कापायला तीन फळ्यांची, वरून उघडी पेटी होती. तिच्या भिंतींत डाव्या आणि उजव्या बाजूला तिरप्या खाचा होत्या. पट्टी पेटीत दाबून धरायची आणि खाचेतून करवत चालवायची. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पहिला कोपरा मिटायचा. दुसरा मिटायचा. तिसराही मिटायचा. चौथ्यापाशी आलो की पक्ष्याच्या चोचीसारखी फट. तोच हात, तीच पेटी, तीच करवत, मग चौथ्याचंच काय बिघडतं? मी चौथा पुन्हा कापायचो. फट जरा कमी व्हायची आणि फ्रेम लहान व्हायची.

एकदा कंटाळून मी त्या फटीत लांबी भरली, तीच, जी काचेभोवती लावतात. वरून रंग फिरवला. झकास दिसत होतं. मावशीनं केस काढलाच नाही. फ्रेम उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली. दुपारी लांबी वाळून गळून पडली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग जेवताना तिनं आपण होऊन सांगितलं.

तिचा नवरा सुतार. फ्रेमचं काम मूळचं त्याचं. शेवटी शेवटी त्याची नजर गेली, तेव्हा तो हातानं जोडायचा आणि मिटलं का ते हिला विचारायचा. ही म्हणायची, मिटलं. कधी मिटलेलं असायचं, कधी नसायचं. आंधळ्या माणसाला मिटलं म्हणून सांगणं सोपं.

"एक दिवस मी केस काढला आन त्याच्या बोटात देल्ला," मावशी म्हणाली. "म्हनलं, तूच पाह्य. मले खोटं बोलाची सवय लागून राह्यली होती."

एवढं सांगून तिनं माझ्या ताटात आणखी वरण ओतलं. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. तो राग कुठं गेला, कळेना.

मग रिठद गावचा तो फोटो आला.

रिठदहून चाळिशीतला एक शेतकरी आला होता. वडील वारले होते. त्यांची तेरवी चार दिवसांवर होती आणि त्याआधी फोटो भिंतीवर लागायला हवा होता. आमच्याकडे येणारी निम्मी घाई तेरवीचीच असायची. जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला जुना फोटो होता: पडद्यासमोर खुर्ची, खुर्चीत फेटा बांधलेला म्हातारा, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो मावशीशी बराच वेळ बोलत होता. मी समोरच काच पुसत होतो, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनात म्हणत होतो, हे काम मला मिळालं आणि जमलं, तर मी राहिलो.

मावशीनं खरंच ते मला दिलं. "कर," एवढंच म्हणाली आणि मंदिराकडच्या कामाला गेली.

तीन कोपरे मिटले. चौथा उघडा. मी पुन्हा कापला. पुन्हा उघडा. पुन्हा कापला. तिसऱ्या खेपेला फट जेमतेम मिटली, पण आता फ्रेम चार सूत, म्हणजे अर्धा इंच, लहान झाली होती. फोटो बसेना. मी फोटो नीट निरखला. उजव्या कडेला खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात आला होता. नुसता हात, मनगटापर्यंत, बांगड्या घातलेला. पुढं माणूसच नाही. मला वाटलं, फोटोवाल्याची चूक. कोणी बाई मध्ये आली असेल. ती कड काढली तर फोटो फ्रेममध्ये बसेल आणि दिसेलही चांगला. मी पट्टी लावली आणि ब्लेड फिरवलं.

मावशी आली. फ्रेमकडे तिनं बघितलंच नाही. तिला जमिनीवर पडलेली कागदाची चिंधी दिसली. ती उचलून तिनं विचारलं, "हे काय होय?"

"कड होती. कोणाचा तरी हात मध्ये आला होता, काढला."

मावशी खाली बसली. मी तिला काम करताना बसलेली पाहिली होती, अशी बसलेली कधी नाही.

"मधात नाई आला," ती म्हणाली. "त्याची माय हाय ते. लाजून मांगं सरकली आन येवढीच आली. तिचा दुसरा फोटो नाई."

म्हणजे तो माणूस त्या दिवशी हेच सांगत होता आणि मी समोर बसून काच पुसत होतो. म्हातारी कधीच वारलेली. घरात तिचं दिसण्यासारखं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते मी काढून टाकलं होतं. मी वळकटीकडे बघितलं. बांधलेलीच होती.

मावशी उठली. "पेटी आन," म्हणाली.

तिनं माझ्या फ्रेमच्या समोरासमोरच्या दोन पट्ट्या काढून पाठीला पाठ लावल्या. एक दुसरीपेक्षा सूतभर आखूड. मग गुण्या घेतला, म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार, आणि पेटीच्या डाव्या खाचेला लावला. खाच झिजून वाकडी झाली होती. प्रत्येक कापात केसभर चूक, पहिल्या तीन कोपऱ्यांत ती दाबून बसवली जायची आणि सगळी मिळून शेवटी बाहेर पडायची.

"चौथ्याले काहून मारून राह्यला? तो नुसता सांगून राह्यला. केलं या तिघायनं."

खाचेत लावायला जाड कागद हवा होता. दुकानातला पुठ्ठा फार जाड. माझ्या पिशवीत आईची पोस्टकार्डं होती. मी एक काढलं. "वाचून झालं नं?" मावशीनं विचारलं, आणि कात्रीनं बोटभर पट्टी कापून डाव्या खाचेत चिकटवली. आईनं लिहिलं होतं, जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. त्यातली आबाळ पेटीत गेली.

फोटोची चिंधी तिनं खळ लावून पुठ्ठ्यावर मूळ फोटोला भिडवली. अर्धा दिवस त्याच्यावर वाकून बसली होती. हात खुर्चीवर परत आला, पण मनगटाजवळ एक बारीक रेघ राहिली. ती काही जाईना. नवीन, मोठ्या मापाच्या पट्ट्या कापल्या. तीन कोपरे तिनं जोडले, प्रत्येकाला रंध्याचा हात मारून. तेरवीचा दिवस उजाडला होता. चौथ्याला म्हणाली, "तू जोड."

मी म्हणालो, मी नको. ती सरसाचं भांडं पुढं सरकवून बसून राहिली. मी पेटीत पट्टी घातली, कापली, सरस लावला, खिळे मारले, आणि तळहातांत कोपरा दाबून धरून बसलो. मग तिनं पदर मागं सारला, केस तोडला आणि कोपऱ्यावर वाकली. मला तिचा पंजा दिसत होता, कोपरा दिसत नव्हता.

"नाई जात," ती म्हणाली. "चाल. गाडी जाईन."

फ्रेम बांधायला दोरी शोधत ती माझ्या वळकटीपाशी गेली, सुतळी सोडली आणि फ्रेमभोवती गुंडाळली. वळकटी उलगडून पडली. मला कळेना, हे चांगलं झालं की वाईट.

रिठदला अंगणात पंगतीची तयारी चालली होती. म्हाताऱ्याच्या मुलानं सुतळी सोडली, फोटो उजेडाकडे धरला आणि बोट रेघेवर ठेवलं.

"हे लाइन कायची, मावशी?"

"कापल्या गेला होता. जोडला. माह्या दुकानात झालं ते."

"कापला कोनं?"

मावशी सुटलेली सुतळी बोटांभोवती गुंडाळायला लागली. ती माझं नाव घेणार नाही, हे मला दिसत होतं. तेच मला सहन होईना.

"मी," मी म्हणालो. "मला वाटलं, हात चुकून आलाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मारेल असं वाटलं. मग त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं काच पुसली, रेघ होती तिथं जरा जास्तच पुसली. "चुकूनच आला होता," तो म्हणाला. "बुढा हासे त्याच्यावर. जेवून जाजा."

आम्ही जेवलो. परतीच्या गाडीत मी वाट बघत होतो, आता मावशी जा म्हणून सांगेल. निम्मा रस्ता सरल्यावर ती बोलली. "पाव्हण्या, उद्या त्या पेटीची उजवी खाचही पाहून घेजो."

मला फक्त उद्या ऐकू आलं. बाकी काही ऐकायची मला गरजच वाटली नाही. वळकटी मी नंतर कधी बांधली नाही. पाव्हण्या म्हणणं मात्र तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. चार वर्षांनी ती लेकीकडे इंझोरीला गेली, डोळे अधू झाले होते. तिथंच वारली. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचा फोटो कोणाकडेच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो सांभाळणाऱ्या बाईला एक काढून घ्यायला मी कधी सुचवलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी रिठदला गेलो. ते घर सापडलं. मुलगाही आता म्हातारा झाला होता, पण फोटो तिथंच होता, खुर्ची, फेटा, हात आणि रेघ. मी फ्रेम खाली काढायला लावली. माझ्या डोक्यावर आता मोजके केस आहेत, त्यातला एक तोडला. पहिल्या कोपऱ्याला केस गेला नाही. दुसऱ्या, तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला गेला. अगदी सहज, नखभर आत.

तेव्हा मला गाडीत तिनं सांगितलेली उजवी खाच आठवली. डाव्या खाचेत पोस्टकार्ड होतं, म्हणजे ती नीट झाली होती. उजवी झिजल्याचं तिला कुठं कळलं? त्या दिवशी, माझ्याच कोपऱ्यावर, केस आत गेला तेव्हाच कळलं असणार. मग ती "नाई जात" का म्हणाली? गाडीची घाई होती म्हणून, की मी बांधून ठेवलेल्या वळकटीकडे ती इतके दिवस बघत होती म्हणून? की नुसता माझा सरस कच्चा होता आणि इतक्या उन्हाळ्यांत लाकूड सुटलं? खोटं बोलायची सवय लागू नये म्हणून जिनं केस काढला, ती त्याच केसानं माझ्यासाठी खोटं बोलली असेल, हे मला खरं वाटत नाही. आणि दुसरं काही पटतही नाही.

म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला, खराब झाली असन तर घेऊन जा, नीट करून आना. मी म्हणालो, नको, चांगली आहे. फ्रेम परत खिळ्याला लावली. केस मी चौथ्या कोपऱ्यात तसाच राहू दिला.