देवघरातला बॅकअप

लातूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या, रडत चालणाऱ्या मशीनवर लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकून देते, म्हणजे आणखी काही वर्षं ते निघतं. आणि प्रत्येकाला हात जोडून सांगते, बाबांनो, बॅकअप घेत जा! लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन आपल्या मनाचं करतात. असे किस्से इतके साठलेत की सांगायला बसले की आधी हसूच येतं. नंतर येत नाही.

*

मुरुडचे एक गुरुजी. मशीनमध्ये लेकीच्या लग्नाचे फोटो. "मॅडम, दोन दोन कॉप्या हायत माझ्याकडं!" मी खूश. मग मशीनची डिस्क गेली. म्हटलं, आणा ती दुसरी कॉपी. तर म्हणाले, त्याच्यातच आहे की, शेजारच्या फोल्डरात.

गुरुजी कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिले. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

*

बिलोलीच्या झेरॉक्सवाल्यानं मात्र खरंच वेगळी डिस्क घेतली. मला कोण कौतुक! मशीन बंद पडल्यावर तो ती घेऊन आला. उघडून बघते तर आत नुसते शॉर्टकट. खऱ्या फाइली मशीनमध्येच राहिलेल्या.

माझं डोकंच फिरलं. एकदा उघडून बघायला काय झालं होतं, म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. बिचारा म्हणाला, रोज बघत होतो, सगळं दिसत होतं. खोटं नव्हतं त्याचं. मशीन जिवंत होतं तोवर सगळं दिसतच होतं.

*

अप्पांचं गुळाचं दुकान, गंजगोलाईजवळ. दुकान आता मुलगा बघतो. अप्पा आणि काकू घरीच असायचे. लेक नांदेडला दिलेली, तिला दिवस गेले होते. काकूंना प्रवास झेपत नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं, पाळणे गाऊन कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचे, बाळाला ऐकवायला.

मी मशीन त्यांच्या घरी नेऊन माइक लावून दिला. तपासायला म्हटलं, काकू, काहीतरी बोला. त्या लई लाजल्या. पण पुढं रोज दुपारी बसून गायला लागल्या. बॅकअप घ्यायलाही शिकल्या, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत एकट्या त्याच! ती डिस्क लाल फडक्यात बांधून त्या देवघरात ठेवायच्या, कारण घरात तेवढ्याच जागेला कुणी हात लावत नाही.

बाळ यायच्या आधीच काकू गेल्या.

बारशाच्या आदल्या आठवड्यात अप्पा मशीन घेऊन दुकानात आले. ते सुरूच होत नव्हतं. त्यांना बारशाला काकूंचाच पाळणा लावायचा होता. मी मशीनची डिस्क तपासली, ती पार गेलेली. अप्पा शांत होते. पिशवीतून त्यांनी लाल फडकं काढलं.

फडकं ओलं होतं. डिस्कच्या फटीत विभूती गच्च बसलेली. मी विचारलं, अप्पा, हे काय?

"तिचा आवाज हाय ना त्यात," अप्पा म्हणाले. "ती गेल्यापासून रोज देवाच्या आधी तिलाच पाणी घालतो."

मी डिस्क वाळवली, पुसली, पुण्याला बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढणाऱ्या माणसाकडंही पाठवून बघितली. काही निघालं नाही. अप्पांना सांगताना मला रडू आलं, तेच उलट माझी समजूत घालत होते.

माझी एक पद्धत आहे. मशीन गिऱ्हाइकाला सोपवायच्या दिवशीची एक कॉपी मी दुकानात ठेवते. अप्पांचीही होती. पण ती पहिल्या दिवसाची, माइक लावून झाल्यावर त्यांच्या घरीच घेतलेली, पाळणे सुरू व्हायच्या आधीची. तरी नवी डिस्क घालून तीच चढवली. सगळं धुंडाळलं. आवाजाची एकच फाइल सापडली, माइक तपासताना केलेली.

अप्पांना बोलावलं. म्हटलं, पाळणा नाही यात, पण आवाज आहे. ते काठी दोन्ही हातांत धरून स्पीकरसमोर बसले. मी फाइल लावली.

आधी काकूंचं हसणं आलं. मग, "अगं, काय बोलू? मला काय येतंय बोलायला..." थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. आणि मग जरा मोठ्यानं, आतल्या खोलीकडं, "अहो, ऐकलं का? चहा टाकू का?"

"हाव," अप्पा म्हणाले. "अर्धाच टाक."