दारावरचं ‘मीच’

दारावर टकटक झाली. ह्यांनी विचारलं, “कोण?” बाहेरून आवाज आला, “अहो, मीच!” ह्यांनी लगेच कडी काढली. शेजारच्या काकू माझ्यासाठी पेज घेऊन आल्या होत्या.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. माझ्या कॅन्सरच्या पेशींनी शरीरातल्या पहारेकरी पेशींना असाच निरोप धाडला होता, ‘आम्ही तुमच्याच.’ तेवढ्यावर पहारा थंडावला. काही पहारेकरी तर गाठीलाच खतपाणी घालू लागले. चिमूटभर धुळीने दिवसभर शिंकणारं माझं शरीर! बिचाऱ्या धुळीवर एवढा त्रागा, आणि घरभेद्याला पाहुणचार?

पुन्हा टकटक झाली. “कोण?” “मीच!” ह्यांचा हात कडीकडे गेला तशी मी पलंगावरून ओरडले, “आधी नाव विचारा!”

बाहेर माझी सख्खी बहीण उभी होती.