शेठचा कडक उपास

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते रोज दारात येऊन उभे राहतात. मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडच्या एका गावात मी चौदा वर्षं ड्रेसर होतो, म्हणजे मलमपट्टी करणारा. स्टाफ तिघांचा. साताऱ्याकडचे तरुण डॉक्टर, ज्यांना खोटं बोलता येत नसे. शिपाई गंगूबाई, जिला खरं बोलायची घाई नसे. आणि मधे मी. चहाला बसलो की एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू करायचा. शेठचा विषय निघाला की मात्र तिघंही एकदम बोलायला लागायचो.

*

गणपती उठले होते. नव्वद सालानंतर आमच्याकडे मुंबईवाल्यांची फार्महाउसं उगवायला लागली होती, त्यातल्याच एका मॅडमची गाडी दवाखान्यासमोर थांबली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून दोन हातांनी काहीतरी पांढरं, केसाळ उचललं आणि दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलं. ठेवलं तसं ते राहिलं.

"उशी कशाला आणली?" गंगूबाईनं मला हळूच विचारलं.

उशीनं जीभ बाहेर काढली.

ते छोट्या जातीचं कुत्रं होतं. नाव गब्बू. फार्महाउस विकलं होतं, नव्या फ्लॅटची किल्ली मिळायची होती. "चार दिवस ठेवून घ्या, प्लीज," मॅडम म्हणाल्या. "काही त्रास नाही त्याचा. क्रीमची बिस्किटं खातो आणि झोपतो." एक खोकाभर बिस्किटं ठेवून त्या गेल्या.

चार दिवस गेले, चाळीस गेले. बिस्किटं संपली. मॅडम आल्या नाहीत.

*

डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"हृदयाला झेपत नाहीये," ते म्हणाले. "सहा किलोचं कुत्रं अकरा किलोचं केलंय. वजन उतरलं नाही तर येणारा उन्हाळा काढणार नाही हा."

मी त्याला घरी नेलं. का, ते सांगतो. त्याच वर्षी आमच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि घरात मी आणि कमल, दोघंच उरलो होतो. संध्याकाळी दोघंही एकमेकांना "चहा घेणार का?" एवढंच विचारायचो.

कमलनं त्याला चारही बाजूंनी पाहिलं. "आवो, याला मान कुठं हाय?"

"उतरल्यावर दिसेल."

"आणि पट्टा तोवर कुठं बांधायचा?"

गब्बू हे नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पोट पाहून लोक त्याला शेठ म्हणायला लागले. आठ दिवसांत तोही शेठ म्हटलं की मान हलवायला लागला, म्हणजे मान जिथं असायला हवी होती तो भाग.

*

आमच्याकडे बैलाला टोचायची सुई होती, पण कुत्र्याला तोलायचा काटा नव्हता. म्हणून वजन धर्माकाकांच्या भातगिरणीत. पहिल्या वेळी डॉक्टर स्वतः काट्याशी उभे राहिले. अकरा किलो. पुढच्या आठवड्यात त्याला आंघोळ घालून मी नेला. काकांनी वजन केलं, चिठ्ठी लिहिली. मी ती डॉक्टरांना दिली.

"नऊ किलो!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "भाऊ, आठवड्यात दोन किलो? काय करता काय तुम्ही?"

मी फुशारून गेलो. गंगूबाईनं शेठकडे पाहिलं. "मला तर तेवढाच दिसतोय," ती म्हणाली.

शेवटी तिघं शेठला घेऊन गिरणीत गेलो. काटा पुन्हा अकरावर!

"मग नऊ कसे लिहिलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंगाला ओल होती. ओलीचा एक किलो कापला," काका शांतपणे म्हणाले. "आणि एक किलो कचऱ्याचा. सगळ्यांच्याच मालाला कापतो. तुमी दवाखान्याचे म्हणून येगळा न्याय लावू का?"

"अहो काका, कुत्र्यात कसला कचरा?"

"मग खातं काय ते?"

डॉक्टरांनी शेठला काट्यावरून उचललं.

*

काका चुकले नव्हते. आमच्याकडे दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. शेठ रोज सकाळी आळीतून एक फेरी मारायचा. फेरी म्हणजे प्रत्येक ओट्याखाली बसायचा आणि वर बघायचा. त्या डोळ्यांपुढं तांदळाच्या भाकऱ्या पडायच्या, सुकटीची डोकी पडायची, तव्यावरचा आंबोळीचा तुकडा पडायचा.

मी पुठ्ठ्यावर 'मला खायला देऊ नये' असं लिहून त्याच्या पाठीवर बांधलं. दुपारी बघतो तर पुठ्ठाच नाही. कुणीतरी तो सोडून त्यावर आमटीभात वाढला होता आणि त्यानं तोही चाटून फाडला होता!

मी वैतागलो. कमल तर रडकुंडीलाच आली. ती घरात एक एक घास मोजून द्यायची आणि बाहेर पंगत चालू.

गंगूबाईनं तोडगा काढला. "भाऊ, आमच्याकडं कुणाला उपास असला तर त्याला कोण आग्रह करत नाय. शेठनं उपास धरलाय म्हणून सांगते."

सोमवार, गुरुवार, शनिवार. तिनं घरोघरी सांगितलं. कुणी हसलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी तर विचारलं, नवस कुणी बोललंय?

महिन्यानं वजन केलं. साडेअकरा!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी आळीत चौकशीला निघालो. पहिल्याच ओट्यावर म्हातारी म्हणाली, "नाय रे बाबा, आमी त्याला भाकर दाखवतसुद्धा नाय. साबुदाणाच देतो. उपाशी जीव, म्हणून तूप जरा वरून."

पलीकडच्या घरी उकडलेली रताळी होती. त्याच्या पलीकडे शेंगदाण्याचा लाडू.

दुसऱ्या दिवशी गंगूबाई पुन्हा घरोघर गेली. या वेळी तिनं आवाज खाली आणला होता. "शेठनं आता कडक धरलाय. दारातलं कायच चालत नाय. मोडला तर देणाऱ्याच्या माथी."

त्या दिवसापासून आळीत शेठसमोर कुणी जेवायलासुद्धा बसेना.

*

उरलं चालणं. मला लसीकरणाला डोंगराच्या वाडीवर पायी जावं लागे. पहिल्या दिवशी शेठ हातपंपापर्यंत आला आणि बसला. मी त्याला पिशवीत घालून खांद्याला अडकवलं. वर पोचलो तेव्हा धाप मला लागली होती.

शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या बाईनं पिशवीत डोकावून पाहिलं. "आदी याला टोचा," ती म्हणाली, "आमच्या शेळ्या थांबतील."

पुढच्या खेपेला तो पंपाच्या पुढच्या आंब्यापर्यंत आला. मग ओढ्यापर्यंत. पिशवीतला प्रवास रोज थोडा थोडा कमी होत गेला. फाल्गुनात एकदा तो माझ्या आधी वाडीवर पोचला आणि शेळ्या पळाल्या. लसीकरण दीड तास थांबलं, मला खूप आनंद झाला.

त्याच संध्याकाळी तो आमच्या घराचा उंबरा स्वतः चढून आत आला. कमल चुलीपुढं होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मलाच म्हणाली, "धूर किती झालाय बघा." चूल पेटायची होती.

उन्हाळा आला. शेठनं तो काढला. काका म्हणाले, "सहा किलो. या वेळी कायसुद्धा कापलं नाय."

*

पुढच्या दिवाळीनंतर एक दिवस दवाखान्यासमोर गाडी थांबली. त्याच मॅडम! सव्वा वर्षानं.

"सॉरी हं, जरा उशीरच झाला. आमचा गब्बू कुठाय?"

शेठ दारातच पडला होता. त्याला ओलांडून त्या आत आल्या.

माझ्या डोळ्यांसमोर कमल आली. डॉक्टर उठले आणि औषधांच्या खोलीत गेले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

मॅडमनी वळून शेठकडे पाहिलं. "हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"तोंड थोडं गब्बूसारखं आहे." त्या खाली वाकल्या. "गब्बू?"

शेठनं शेपटी हलवली नाही. पण डोळा उघडला. मॅडमनी पर्समधून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढला. "आमचा असेल तर झडप घालेल," असं म्हणत त्यांनी पुडा फोडला.

तो आवाज शेठला गिरणीपलीकडूनही ऐकू जायचा, हे मला माहीत होतं. तो उठला. मॅडमनी बिस्किट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

शेठनं बिस्किटाकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसला. लाळ माझ्या पायावर गळत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा पडला. "हा आमचा नाही. पण कुत्रं बिस्किट खात नाही म्हणजे काय?"

गंगूबाई केर काढायची थांबली.

"आज गुरवार हाय ना बाई," ती म्हणाली. "त्याचा कडक उपास असतो."

मॅडमनी उरलेला पुडा पर्समध्ये टाकला आणि गाडीत जाऊन बसल्या. डॉक्टर खोलीतून बाहेर आले. आम्ही तिघं दारात उभे राहून गाडी धसईच्या वळणाकडे जाताना बघत होतो. गाडी वळली. धुरळा खाली बसला.

मागून कुरुमकुरुम आवाज आला.