हळदी-कुंकू बदकाची अंघोळ

वर्षाली शिंगारे कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना शिकवायची, आणि ज्यांना शिकवायची त्यांच्याबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. औशाहून आलेल्या बापानं भोसरीच्या फाउंड्रीत हाडं झिजवून तिला प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं. पुढं ती चिंचवडच्या एका पक्षी उपचार केंद्रात लागली. मांजानं कापलेल्या घारी यायच्या, तसे तेलात माखलेले पाणपक्षीही यायचे. हे तेलाचं काम तिनं इतकं मनावर घेतलं, की चाकणपासून रावेतपर्यंतच्या कंपन्या ‘जनजागृती’साठी तिलाच बोलवायला लागल्या.

बोलवायच्या म्हणजे जेवणाआधीचा वेळ भरायला. एका कंपनीनं स्टेजमागं तेलानं काळ्या झालेल्या पेंग्विनचा बॅनर लावला होता.

“इंद्रायणीत पेंग्विन कधी आले?” तिनं विचारलं.

“फोटो इमोशनल आहे ना, मॅडम,” संयोजक म्हणाला. सरावासाठी त्यानं पिवळं रबरी बदक आणलं होतं. दाबलं की चीं करायचं. लोक ते दाबत बसले.

ती सांगायची, “तेल लागलं की पिसं चिकटतात, ऊब जाते आणि पक्षी गारठून मरतो. चोचीनं पिसं साफ करायला गेला की तेच तेल पोटात जातं. तुम्ही त्याला धुवायचं नाही. पाजायचं नाही, भरवायचं नाही. जाड कापडात अलगद धरायचं, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं आणि आम्हाला फोन करायचा. बास, एवढंच.” सगळे माना डोलवायचे. मग कुणीतरी सर्टिफिकेट कधी मिळणार ते विचारायचं.

घरी आल्यावर ती नवऱ्यापाशी सगळ्यांची नक्कल करून दाखवायची. “इतका राग येतो तर शिकवतेस कशाला?” ज्योतीराम म्हणायचा.

“मग काय पाखरांना शिकवू? तेल ती सांडत नाहीत.”

यंदाच्या हिवाळ्यात, ज्या कंपनीत ती दरवर्षी जायची तिचीच जुन्या तेलाची टाकी फुटली. तेल ओढ्यात आलं, ओढ्यातून मोशीजवळ नदीत. काठावर ज्यांची जमीन होती त्या रंगरावांनी केंद्रात फोन केला. “ताई, हळदी-कुंकू बदकं काळी झाल्यात. उडंनात.”

वनखात्याला कळवून वर्षाली पोचली, तर काठावर कंपनीचे ‘पक्षीमित्र’ आधीच हजर होते. अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर बिल्ले. एकजण बदकाच्या हळदी-कुंकवासारख्या पिवळ्या-लाल ठिपक्यांच्या चोचीत दूध ओतत होता. दुसरा त्याचा रील काढत होता. तिसऱ्यानं पाण्यात बुड्या मारणाऱ्या एका छोट्या टिबुकलीला रॉकेलनं चोळून स्वच्छ केलं होतं. वीतभर जीव तो. मान टाकून गवतात पडला होता.

“रॉकेलनं ग्रीस निघतं ना, मॅडम,” तो म्हणाला.

“ट्रेनिंगला होतास तू?”

“होतो की. पहिल्या रांगेत.”

वर्षालीनं टिबुकलीला उचलून कापडात घेतलं. टिबुकली तिच्या हातातच गेली. रंगरावांनी एका बदकाला पाटीखाली झाकून भाकरी कुस्करून घातली होती. “उपाशी हाय म्हणून दिली,” ते म्हणाले. तिनं त्यांनाही झाडलं.

वाचली तेवढी बदकं केंद्रात आणली. आधी ऊब देऊन तरतरी येऊ दिली, मग टबामागून टब कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं धुतली. धुणारी दोघं, ओरखडे सोसणारी एकटी वर्षाली, कारण पंख धरायचं काम ती कुणाला देत नसे. बदकं दिसायला झकास झाली. पिसं मात्र अजून पाणी शोषत होती.

तेवढ्यात कंपनीतले बडे अधिकारी अण्णासाहेब आले. “रविवारी कार्यक्रम ठेवलाय. पाहुण्यांच्या हस्ते बदकं सोडू.”

“सोडली तर बुडतील.”

“अहो, बदक कुठं बुडतं का?” ते हसले. केंद्राची नवी शेड कंपनीनंच बांधून दिली होती, त्यामुळं केंद्राचे प्रमुखही हसले.

रविवारी वर्षाली मांडवात एकच बदक घेऊन गेली, बरोबर मोठा टब. भाषणं झाल्यावर तिनं टब स्टेजवर भरून घेतला आणि बदक पाण्यात ठेवलं. लोकांनी मोबाइल वर केले. बदक आधी तरंगलं, मग खाली बसायला लागलं. पिसं भिजून जड झाली, अंग एका बाजूला कललं, पंखांची फडफड सुरू झाली.

“बघा, कसं मजेत अंघोळ करतंय,” निवेदिका म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वर्षालीनं बदक उचलून टॉवेलात घेतलं. ते थरथरत होतं. एका जिवाला आपणही तमाशात उभं केलं, या विचारानं तिला स्वतःचीही किळस आली. माइक हातात घेऊन ती म्हणाली, “हे बुडत होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आज सगळी नदीत सोडली असती तरी तुम्ही टाळ्याच वाजवल्या असत्या. तेल तुमच्याच टाकीतलं आहे, तेवढं लक्षात असू द्या.”

अण्णासाहेबांनी खुणेनं माइक बंद करवला. मग जेवणं झाली, जिलेबी संपली.

कंपन्यांची बोलावणी त्यानंतर थांबली. केंद्रानं तिला काढलं नाही, पण बाहेर पाठवणं बंद केलं. पिसांवरून पाणी घरंगळायला लागल्यावर तिनं बदकं वनरक्षकासमोर, ओढ्याच्या वरच्या अंगाला स्वच्छ पाण्यात सोडली. एक मागं राहिलं, त्याचा पंख साथ देईना. बाकीची उडून गेली.

आता सुट्टीच्या दिवशी ती रंगरावांच्या अंगणात शिकवते. बचत गटाच्या बायका येतात, तेलाचे दोन-चार टँकरवाले येतात, निम्मे चहासाठी येतात. परवा एका टँकरवाल्यानं सांगितलं, की तो आता टाकी ओढ्यावर धूत नाही.

“मग कुठं धुतोस?” वर्षालीनं विचारलं.

“पलीकडच्या गावात,” तो म्हणाला.

तिनं कपाळाला हात लावला, त्याला पुढं बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.