लक्ष ठेवून आहोत

हर्षदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. फोन तिच्या आईचा होता. मावशी रडत नव्हत्या. "हर्षी गई," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून बसून राहिल्या... मागे हॉस्पिटलात कुणीतरी कुणाला तरी औषधाचं दुकान विचारत होतं. मी जळगावची बस धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि खिडकीशी बसलेल्या मला रडू काही येईना. येत होता तो संताप. काही आठवडे उलटले, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. लिहिणार आहे. पण जे घडलं तेही लिहिणार आहे.

मी मूळची पिंपळनेरची. जळगावला इंजिनिअरिंगला आले तेव्हा होस्टेलचं जेवण मला मानवेना, म्हणून वर्गातली ही मुलगी दर रविवारी मला घरी न्यायची. वडील ती शाळेत असतानाच गेलेले. घरात मायलेकी दोघीच. मावशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी करायच्या आणि हर्षदा इतकं बोलायची की तिच्या ताटातली भाकरी गार होऊन जायची. भारी भांडकुदळ होती. कँटीनवाल्याशी भांडायची, सुट्टे न देणाऱ्या कंडक्टरशी भांडायची, आणि माझ्या प्रोजेक्टचे गुण कापले म्हणून माझ्याआधी तीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली होती. मी बाहेरच थांबले होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू घाबरतेस कशाला? ते काय खाणार आहेत का आपल्याला?" ही मुलगी पुढे एका कंपनीपुढे इतकी गप्प कशी झाली, हे मला आजही उमगत नाही. म्हणून राग थोडा तिच्यावरही आहे.

कंपनी पुण्याची. लॉकडाऊनमध्ये ती जळगावला घरी आली आणि घरूनच काम करत राहिली. काम असं, की कंपनीची सगळी यंत्रणा क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या संगणकांवर भाड्याने चालायची. ती नीट चालतेय ना यावर हर्षदाने डोळा ठेवायचा, बंद पडली की का पडली ते शोधायचं आणि चालू करायची. आईला तिने हे केळी पिकवायच्या चेंबरवरून समजावलं होतं. व्यापारी आपली केळी दुसऱ्याच्या चेंबरमध्ये ठेवतो, भाडं देतो, तसं. मावशींनी लगेच विचारलं होतं, "मंग तठली लाईट गई ते तू काय करशी?" हर्षदा हसली होती. "काही नाही. दारात उभं राहायचं आणि लाईट यायची वाट पाहायची." हा प्रसंग ती आम्हाला विनोद म्हणून सांगायची.

एका हिवाळ्यात बोदवडकडच्या एका शेतात आम्ही जुन्या मित्रमैत्रिणींनी भरीत पार्टी ठेवली. काट्यांच्या आगीवर वांगी भाजायला घेतली आणि तिला फोन आला. त्या आठवड्यात बिघाडाचे फोन घ्यायची पाळी तिची होती. पाळी असली की बारा कामं सोडून हाक आली की हजर व्हायचं. ती गाडीत लॅपटॉप घेऊन बसली ती आमची जेवणं उरकेपर्यंत. मग आली, गार भरीत खाल्लं आणि काय बिघडलं होतं ते रंगवून सांगितलं. नोंदी तात्पुरत्या साठवून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम भरून वाहिला होता, आणि सगळे तिसरीकडेच शोधत होते. सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर असा होता की आम्ही टाळ्या वाजवल्या. तिला ते काम मनापासून आवडायचं, हे मी नाकारणार नाही. त्या आवडीवरच कंपनीने पोट भरलं. सोबतची माणसं एकेक करून कमी केली, त्यांच्या पाळ्या हिच्या गळ्यात घातल्या. तिने बैठकीत दोनदा सांगितलं, माणूस द्या. "बघू या क्वार्टरनंतर," असं उत्तर मिळालं.

ती गेली त्याच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. मावशींनी बळेच गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि आजच सोनोग्राफी करा म्हणाले. दोघी रिक्षात बसतात न बसतात तोच कंपनीचा फोन आला, आणि रिक्षा सोनोग्राफीला जायच्या ऐवजी घराकडे वळली. त्या दिवशी बड्या कंपनीच्याच केंद्रात बिघाड झाला होता. म्हणजे चेंबरचीच लाईट गेली होती. हर्षदाच्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं. तरीही दिवसभर कॉलवर बसून दर थोड्या वेळाने तिने ग्राहकांसाठी एकच वाक्य लिहायचं होतं : आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून ती ते लिहीत होती. मावशी दारात उभ्या राहून सांगत होत्या, "पोट दुखस ते चाल ना माय दवाखानामा. तुना बिगर काय अडस तठे?" ती हाताने थांब म्हणायची.

दुपारी मी सहज फोन केला. म्हणाली, "सकाळी फार दुखत होतं गं, आता एकदम थांबलंय. बरं वाटतंय." मलाही बरं वाटलं... नंतर सर्जननी सांगितलं, अपेंडिक्स फुटलं की काही वेळ असंच बरं वाटतं. संध्याकाळी यंत्रणा आपोआप सुरू झाली. त्या बड्या कंपनीने आपला बिघाड काढला, झालं. हर्षदा खुर्चीतून उठली ती तापाने फणफणत. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला नेलं, ऑपरेशन झालं, पण विष रक्तात पसरलं होतं. दोन दिवस ती आयसीयूत होती, मावशींना कुणाला कळवायचं भान नव्हतं. मग मला फोन आला.

तेराव्यानंतर कंपनीने ऑनलाइन शोकसभा घेतली. मावशींच्या शेजारी मी बसले होते. एकामागून एक चेहरे येत होते, सगळ्यांच्या तोंडी निष्ठा हाच शब्द. तिचा मॅनेजर गहिवरून म्हणाला, "ती शेवटपर्यंत कॉलवर होती." हे तो कौतुक म्हणून सांगत होता. मी माइक चालू केला आणि विचारलं, "त्या दिवशी ती सकाळीच उठून दवाखान्यात गेली असती, तर तुमची यंत्रणा किती उशिरा सुरू झाली असती?" तो मग म्हणाला, "टेक्निकली पाहिलं तर... काही फरक पडला नसता. पण क्लायंट लाइनवर होते, कुणीतरी दिसायला हवं होतं." कुणीतरी दिसायला हवं होतं. मावशींनी मला विचारलं, "काय म्हने तो?" मी माइक बंद केला. चारच दिवसांनी लॅपटॉप न्यायला माणूस मात्र आला. पावतीवर मावशींची सही घेऊन गेला.

परवा जळगावला गेले होते. दुपारची वेळ, आम्ही चहा घेत होतो, आणि देवघराशेजारच्या फळीवर हर्षदाचा मोबाइल वाजला. मावशी उठल्या, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. आवाज मलाही ऐकू येत होता. माणसाचा नव्हता, यंत्राचा होता : अमुक सेवा बंद आहे, पाहिलं असेल तर एक दाबा. इंग्रजीत. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ती नही शे." यंत्राने पुन्हा तेच म्हटलं. "ती नही शे," मावशीही पुन्हा म्हणाल्या. मग तो आपोआप बंद झाला, पाळीतल्या पुढच्या कुणाला तरी गेला असेल. पाळीच्या यादीतून तिचं नाव काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी माझा फोन उचलला, म्हटलं, मावशी, आत्ताच्या आत्ता त्या मॅनेजरला सांगते, नाव काढायला लावते.

मावशींनी माझा हात धरला. "नको सांगू," म्हणाल्या. "त्यास्ले आपलं आपण समजू दे. कितला दिनमा समजस ते देखसू मी."

मग त्यांनी हर्षदाचा मोबाइल चार्जिंगला लावला, वायर नीट बसली का ते पाहिलं, आणि गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.